एक्स-रे स्पेक्स : एकच अल्बम काढून हा बँड संपला कसा?

तुम्ही लिहून पाठवलेले प्रश्न तीन आहेत, पण एकमेकांत गुंतलेले. लंडनच्या एक्स-रे स्पेक्स या पंक (म्हणजे सत्तरच्या दशकातलं बंडखोर, वेगवान, ओबडधोबड रॉक संगीत) बँडने १९७८ मध्ये एक अल्बम काढला आणि वर्षभराच्या आत गाशा गुंडाळला, असं का? गायिकेला वेड लागलं म्हणून बँड मोडला असं सांगतात, ते खरं का? आणि इतक्या बेसूर किंचाळणाऱ्या मुलीला लोक आजही एवढं का मानतात?

मी रेकॉर्डिंग आणि लाइव्ह साउंडवाला माणूस. गिटार-ड्रम्सच्या गदारोळातून गाणाऱ्याचा आवाज वर कसा काढायचा, याच खटपटीत माझी वर्षं गेली आहेत. म्हणून तिसरा प्रश्न आधी घेतो. बाकीच्या दोघांची उत्तरं त्याच्या ओघात येतील.

बँडची गायिका पॉली स्टायरीन बेसूर नव्हती. ती कर्कश होती, आणि कर्कश असणं निराळं. बेसूर गाणाऱ्याचा सूर जागेवर पोचत नाही. पोचला तरी ठरत नाही. पॉलीचा सूर तार सप्तकात थेट जाऊन आदळतो आणि तिथेच राहतो. त्यात मींड नाही, कंप नाही, हळूच शिरणं नाही. सवयीच्या कानाला ते खटकतं आणि आपण त्याला बेसूर म्हणून मोकळे होतो. विश्वास बसत नसेल तर त्यांचं ‘ओह बाँडेज, अप युअर्स’ हे गाणं पुन्हा लावा आणि या खेपेला गिटारकडे दुर्लक्ष करून फक्त सॅक्सोफोन आणि तिचा आवाज ऐका. दोघांचं नातं कळेल.

या बँडची खरी गोम त्या सॅक्सोफोनमध्ये आहे. १९७७ मधल्या बहुतेक पंक बँडांचा साचा ठरलेला होता: एक-दोन गिटार, बेस, ड्रम्स आणि पुढे ओरडणारा एक मुलगा. लांबलचक गिटार सोलो ही तर आधीच्या पिढीची चैन, तिच्यावर पंकवाल्यांचा राग. पण सोलो काढून टाकला की गाण्यात भोक पडतं, ते भरायचं कशाने? बहुतेकांनी वेग वाढवून ते झाकलं. एक्स-रे स्पेक्सने तिथे सॅक्सोफोन आणला, आणि तोही जॅझमधल्यासारखा मखमली नव्हे, तर रस्त्यावरच्या गाडीच्या हॉर्नसारखा ठणठणीत. मिक्सिंग करताना आम्ही साधारण पाळतो तो नियम असा की चढा आवाज आणि सॅक्सोफोन एकाच पट्ट्यात आले की एकाला थोडं मागे ढकलायचं, नाहीतर दोघेही एकमेकांना खातात. या बँडने कुणालाच मागे ढकललं नाही. गायिकेने ओळ टाकायची, ती संपते न संपते तोच सॅक्सोफोनने तीच ठिणगी उचलायची, कधी तर तिच्या ओळीवरच चढायचं. दोन भांडखोर बहिणी एकाच वेळी बोलतात तसं ते ऐकू येतं, आणि गंमत म्हणजे दोघींचंही कळतं.

सॅक्सोफोन वाजवणारी मुलगी, लोरा लॉजिक, बँडमध्ये आली तेव्हा जेमतेम पंधरा-सोळा वर्षांची होती. खरं नाव सुझन व्हिटबी. आणि पॉली स्वतः? मॅरिअन जोन एलियट-सेड, जन्म ३ जुलै १९५७, ब्रॉम्ली, केंट. आई स्कॉटिश-आयरिश वळणाची, वडील सोमाली. आईने एकटीने तिला दक्षिण लंडनमधल्या ब्रिक्स्टनमध्ये वाढवलं. पंधराव्या वर्षी खिशात तीन पौंड घेऊन ती घरातून बाहेर पडली आणि संगीत महोत्सवांमागून हिंडत राहिली. १९७६ मध्ये ‘मारी एलियट’ या नावाने तिचं एक रेगेच्या (जमैकातल्या संथ ठेक्याच्या संगीताच्या) वळणाचं सिंगल, म्हणजे एक-दोन गाण्यांची तबकडी, निघालं आणि कुणाच्या लक्षातही न येता विरलं. पंक येण्याआधी ती स्टुडिओचं दार ओलांडून आलेली होती, हे तिच्याबद्दल लिहिणारे बरेचदा विसरतात. ती काही थेट रस्त्यावरून माइकसमोर आलेली नव्हती.

वळण आलं तिच्या एकोणिसाव्या वाढदिवशी, ३ जुलै १९७६ ला. हेस्टिंग्ज या समुद्रकाठच्या गावी, समुद्रात शिरलेल्या धक्क्यावरच्या सभागृहात तिने सेक्स पिस्टल्स या पंक बँडला ऐकलं. ऐकायला माणसं फारशी नव्हती. सफाईदार वाजवता येत नसलेली तिच्याच वयाची मुलं स्टेजवर उभी आहेत, एवढं तिला पुरलं. परतल्यावर तिने संगीत साप्ताहिकांत जाहिरात दिली की तरुण पंक मुलं हवी आहेत. त्यातून गिटारवर जॅक एअरपोर्ट, बेसवर पॉल डीन, ड्रम्सवर बी. पी. हर्डिंग आणि सॅक्सोफोनवर लोरा असा जमाव जमला. फाल्कन स्टुअर्ट मॅनेजर. पुढे निर्मातेही तेच.

नावांचीही एक वेगळीच चेष्टा आहे. अमेरिकन कॉमिक्सच्या मागच्या पानांवर ‘आरपार दिसणारा चष्मा’ विकायच्या जाहिराती यायच्या, बँडचं नाव तिथलं. स्वतःचं नाव तिने टेलिफोनच्या व्यावसायिक यादीतून उचललं: पॉलिस्टायरीन, म्हणजे आपला थर्माकोल ज्याचा बनतो ते. हलकं, स्वस्त, वापरून फेकून द्यायचं. पॉपस्टार म्हणजे तेच, असं तिचं म्हणणं. चेल्सीतल्या किंग्ज रोडवर, ब्युफर्ट मार्केटमध्ये तिचा स्वतःचा गाळा होता. प्लॅस्टिकचे भडक दागिने, जुनेपाने चमचमते कपडे असला माल. त्याच रस्त्यावर थोड्या अंतरावर फॅशन डिझायनर व्हिव्हियन वेस्टवुड आणि सेक्स पिस्टल्सचा मॅनेजर माल्कम मॅक्लॅरेन यांचं दुकान होतं. तिथला माल काळा, चामड्याचा, साखळ्यांचा. पॉलीचा गुलाबी, हिरवा, नारिंगी. दातांना तारा लावलेली ही सावळी मुलगी असल्या भडक पोशाखात स्टेजवर यायची. पंक म्हटलं की आज आपल्या डोळ्यांसमोर जो काळा पोशाख येतो, त्याला ती अगदी उलट होती.

आता रॉक्सी. कॉव्हेंट गार्डनच्या नील स्ट्रीटवरचा हा क्लब म्हणजे छोटी जागा, पण १९७७ च्या पहिल्या काही महिन्यांत लंडनचा जवळजवळ सगळा पंक तिथून गेला. संगीताच्या तबकड्या लावायला डॉन लेट्स. पंकची रेकॉर्डच फारशी निघालेली नव्हती म्हणून तो रेगे वाजवायचा. पंक आणि रेगे यांची मैत्री जमायला हेही एक कारण झालं. या क्लबमध्ये ध्वनिमुद्रित केलेला ‘लाइव्ह ॲट द रॉक्सी’ हा अल्बम १९७७ मध्येच ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या हार्वेस्ट लेबलवर निघाला, आणि त्यात एक्स-रे स्पेक्सचं ‘ओह बाँडेज’ आहे. बँड जमून नुकते काही महिने झाले होते. ते ध्वनिमुद्रण मी अनेकदा ऐकलं आहे, धंद्याच्या नजरेनेही. असल्या क्लबांत त्या काळी गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा मॉनिटर मिळाला तर नशीब. मागे ड्रम्स, बाजूला गिटारचा ॲम्प्लिफायर, स्वतःचं काहीच ऐकू येत नाही. अशा वेळी माणूस आपोआप वरच्या पट्टीत आणि जोरात जातो. बहुतेकांचा गळा त्यात दोन गाण्यांत बसतो. पॉलीचा बसत नाही, उलट धारदार होतो. पंक गायकी म्हणून आपण जिला ओळखतो तिच्यामागे जितकी विचारसरणी आहे, तितकाच स्वस्त स्पीकरांचा हात आहे, असं माझं मत आहे.

स्टुडिओतलं ‘ओह बाँडेज’ व्हर्जिन या रेकॉर्ड कंपनीने सप्टेंबर १९७७ मध्ये सिंगल म्हणून काढलं. त्याची सुरुवात शिकण्यासारखी आहे. लहान मुलींनी दिसावं पण ऐकू येऊ नये असं काही लोकांना वाटतं, हे वाक्य ती आधी अगदी शहाण्या मुलीच्या सुरात, जवळजवळ वर्गात उभं राहून बोलल्यासारखं म्हणते. मग ‘पण मला वाटतं’ म्हणून शीर्षकाची आरोळी. दोन वाक्यांच्या मधली आवाजाची ती उडी हेच गाणं. आजचा एखादा इंजिनिअर कॉम्प्रेसर (आवाजातला चढउतार कमी करणारं उपकरण) लावून ती उडी सपाट करेल आणि गाण्याचा जीव जाईल. आणि हो, ‘बाँडेज’वरून अनेकांची समजूत होते की गाणं कामुक साखळदंडांबद्दल आहे. ते वस्तूंच्या बेडीबद्दल आहे: दुकानं, एकाच कंपनीच्या दुकानांच्या साखळ्या, विकत घेणं आणि विकलं जाणं. सिंगल तक्त्यात, म्हणजे विक्रीच्या क्रमवारीत, आलं नाही. नाव मात्र झालं.

इथे बँडच्या इतिहासातली पहिली चीर आहे, आणि ती गायिकेच्या आजाराच्या कितीतरी आधीची. सिंगल निघाल्यानंतर थोड्याच दिवसांत लोरा लॉजिकला बाहेर जावं लागलं. कारणं वेगवेगळी सांगितली जातात. शाळेचंही नाव घेतात, दोन मुलींकडे लोकांचं लक्ष विभागलं जातं हेही सांगतात. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. तिच्या जागी अखेर रुडी थॉम्पसन आला आणि अल्बमवर त्याने वाजवलं. वाजवलं उत्तम. पण सॅक्सोफोनच्या ज्या ओळींनी बँडला चेहरा दिला त्यांचा आराखडा लोराच्या काळातला होता. सोळा वर्षांच्या मुलीने गाण्यात काय घातलं याचा हिशेब ठेवायची पद्धत तेव्हा नव्हती. (आपल्याकडच्या स्टुडिओंत अरेंजरच्या नावाने आजही काय होतं ते मी सांगत बसत नाही.) लोराने पुढे ‘इसेन्शल लॉजिक’ हा स्वतःचा बँड काढला, आणि १९७९ मधला त्यांचा अल्बम ऐकला की एक्स-रे स्पेक्समधला कोणता वेडेपणा तिचा होता ते लख्ख कळतं.

तर १९७७ संपताना स्थिती अशी: ज्या दोन आवाजांच्या झोंबाझोंबीवर बँड उभा होता, त्यांतला एक गेला. गाणी लिहिणं, गाणं, कपडे, रंगसंगती, मुलाखती, सगळं वीस वर्षांच्या एका मुलीवर आलं. आता १९७८ चं तिचं वेळापत्रक बघा. जॉन पील यांच्या बीबीसी रेडिओ कार्यक्रमासाठी दोन सत्रं. मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या सीबीजीबी क्लबमध्ये ओळीने कार्यक्रम. ईएमआयकडे नवा करार, आणि ‘द डे द वर्ल्ड टर्न्ड डे-ग्लो’ हे सिंगल, नारिंगी रंगाच्या तबकडीवर. तक्त्यात २३ वं. जुलैत ‘आयडेंटिटी’, २४ वं. नोव्हेंबरच्या सुमारास ‘जर्म फ्री ॲडोलेसंट्स’, १९ वं, आणि त्याच नावाचा अल्बम, ३० वा. मध्ये टॉप ऑफ द पॉप्स हा बीबीसी टीव्हीवरचा पॉप संगीताचा कार्यक्रम, मध्ये दौरे. जानेवारी १९७९ मध्ये बीबीसीच्या ‘अरीना’ मालिकेत तिच्यावर माहितीपट. व्यवसाय म्हणून पाहिलं तर भरभराट. माणूस म्हणून पाहिलं तर श्वास घ्यायला जागा नाही.

या सगळ्यात एक दिवस वेगळा काढून सांगायला हवा: ३० एप्रिल १९७८. पार्श्वभूमी अशी की ऑगस्ट १९७६ मध्ये गिटारवादक एरिक क्लॅप्टन बर्मिंगहॅमच्या स्टेजवरून स्थलांतरितांविरुद्ध बरळला होता. त्याच्या संतापातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली. नॅशनल फ्रंट या स्थलांतरितविरोधी, कडव्या उजव्या पक्षाचे मोर्चे तेव्हा जोरात, आणि लंडनमधल्या आशियाई आणि कृष्णवर्णीय वस्त्यांत भीती खरीखुरी. त्या रविवारी ट्रफाल्गर चौकातून पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कपर्यंत मोर्चा निघाला. पार्कात ८० हजार ते १ लाख माणसं असावीत, असा अंदाज देतात. क्लॅश, स्टील पल्स, टॉम रॉबिन्सन बँड, आणि त्यांच्यासोबत एक्स-रे स्पेक्स. आठवण निघते ती बहुधा क्लॅशची, कारण त्यांचं चित्रीकरण प्रसिद्ध झालं. पण त्या दिवशी ज्या लोकांच्या बाजूने सभा भरली होती, त्यांच्यातलीच एक मुलगी माइकवर होती. वडील सोमाली, आई गोरी, ब्रिक्स्टनची. ‘आयडेंटिटी’ हे तिचं गाणं आरशात स्वतःला शोधण्याबद्दल आहे, आणि तिने ते लिहिलं तेव्हा हा विषय पॉप गाण्यात फारसं कुणी घेत नव्हतं.

अल्बमबद्दल थोडं निवांत बोलतो, कारण तो खरोखर चांगला आहे. मुखपृष्ठावर बँडची पाच माणसं पाच परीक्षानळ्यांत बंद आहेत. गाण्यांचे विषय पाहा: प्लॅस्टिकच्या पिशव्या, जनुकीय अभियांत्रिकी, वूलवर्थ्स या स्वस्त वस्तूंच्या दुकानात काम करणारा पोरगा, जंतूंच्या भीतीने सतत दात घासणारी मुलगी. सेक्स पिस्टल्स राणीवर चिडले होते, क्लॅश पोलिसांवर. पॉली सुपरमार्केटच्या शेल्फकडे बघत होती, आणि चिडलेली कमी, भुललेली आणि घाबरलेली जास्त. तिला प्लॅस्टिक आवडायचंही. म्हणून त्या गाण्यांत उपदेश येत नाही. ‘जर्म फ्री ॲडोलेसंट्स’ हे शीर्षकगीत तर पंक म्हणावं असं नाहीच: संथ चाल, आवाजाभोवती भरपूर घुमारा, रेगेची सावली, आणि पॉली हळुवार गाते. किंचाळण्यापलीकडे तिला काही येत नव्हतं असं म्हणणाऱ्याला हे एक गाणं ऐकवावं. त्यांचं सगळ्यात वर गेलेलं सिंगलही हेच, याकडे कंपनीने नीट बघितलं असतं तर पुढचा रस्ता तिथेच दिसत होता.

आता दुसरा प्रश्न. डॉन्कास्टरच्या एका कार्यक्रमानंतर पॉलीला हॉटेलच्या खिडकीतून आकाशात एक झगझगीत गुलाबी गोष्ट दिसली; वस्तूंना हात लावला की ठिणग्या उडताहेत असं तिला वाटू लागलं. हे तिने स्वतः सांगितलेलं आहे. तिला रुग्णालयात ठेवलं गेलं आणि स्किझोफ्रेनिया असल्याचं निदान झालं. ते निदान चुकीचं होतं. १९९१ मध्ये ‘बायपोलर’ (मनःस्थिती टोकाच्या उत्साहातून टोकाच्या उदासीत जाणारा आजार) हे बरोबर निदान झालं. मधली बारा-तेरा वर्षं ती चुकीच्या चिठ्ठीवर जगली. तेव्हा ‘वेड लागलं म्हणून बँड मोडला’ हे वाक्य दोन्ही टोकांना लंगडं आहे. आजार होता, खरा होता. पण त्या आजारपणातून उठल्यावर तिला परत त्याच चरकात जायचं नव्हतं, हा तिचा निर्णय होता. एप्रिल १९७९ मध्ये ‘हायली इन्फ्लेमेबल’ हे शेवटचं सिंगल आलं, ४५ व्या क्रमांकावर थांबलं, आणि त्या वर्षाच्या मध्यावर ती बाहेर पडली. तिच्याशिवाय बँड चालणं शक्यच नव्हतं, कारण १९७७ च्या अखेरीपासून बँड म्हणजे तीच उरली होती. चार माणसं वाजवणारी आणि एक माणूस वाहणारा, अशी रचना झाली की ती फार टिकत नाही. एखादा गायक नुसता घशाने आजारी पडला तरी असा बँड बसतो. इथे तर प्रकरण फारच पुढचं होतं.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. पंकची फॅशन ओसरली म्हणून हा बँड संपला नाही. अल्बम निघाला तेव्हा त्यांची विक्री चढती होती.

नंतरचं भराभर सांगतो. जॅक एअरपोर्ट आणि हर्डिंग यांनी ‘क्लासिक्स नूव्हो’ हा बँड सुरू केला. त्यातून जॅक लवकरच निघाला, आणि २००४ मध्ये कर्करोगाने गेला. पॉलीचा १९८० मधला ‘ट्रान्सल्युसन्स’ इतका शांत अल्बम आहे की पंकवाले चक्रावले. १९८३ मध्ये तिने इस्कॉनची दीक्षा घेतली आणि हर्टफर्डशरमधल्या भक्तिवेदांत मॅनरमध्ये ती राहिली. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनने १९७३ मध्ये इस्कॉनला देऊन टाकलेली ही वास्तू. जन्माष्टमीला लंडन परिसरातले हजारो भारतीय तिथे जातात. आणि कृष्णभक्तीच्या या वाटेवर कोण भेटावं, तर लोरा लॉजिक. तीही तिकडेच आली होती. या दोघींना मिळून १९९५ मध्ये एक्स-रे स्पेक्सच्या नावाने ‘कॉन्शस कन्झ्युमर’ काढता आला, पण पॉलीला लंडनमध्ये अग्निशमन दलाच्या गाडीची धडक बसली आणि अल्बमचा प्रचार राहूनच गेला. म्हणजे काटेकोर बोलायचं तर अल्बम दोन आहेत, एक नाही. दुसऱ्याला फार थोड्यांनी ऐकलं. सप्टेंबर २००८ मध्ये लंडनच्या राउंडहाउसमध्ये भरगच्च कार्यक्रम झाला. मार्च २०११ मध्ये पॉलीचा ‘जनरेशन इंडिगो’ आला आणि महिन्याभरात, २५ एप्रिलला, कर्करोगाने ती गेली. वय ५३. मुलगी सेलेस्ट बेल हिने पॉल संग यांच्याबरोबर आईवर केलेला माहितीपट २०२१ मध्ये आला. आईला तिने देव्हाऱ्यात बसवलेलं नाही, म्हणून तो बघण्यासारखा आहे.

नव्वदच्या दशकात अमेरिकेत ‘रायट गर्ल’ नावाने मुलींच्या पंक बँडांची लाट आली. तिच्यामागे जी मोजकी नावं घेतली जातात त्यांत पॉलीचं वरचं आहे. तिच्याकडून नक्कल करता येईल असं फार थोडं आहे. स्वतःसारखं गाण्याची परवानगी मात्र घेता येते.

ऐकायचा क्रम विचारला नाहीत, तरी देतो. आधी रॉक्सीमधलं लाइव्ह ‘ओह बाँडेज’, मग स्टुडिओतलं. दोन्हींत लोरा आहे. मग अल्बम, आणि त्यातही आधी शीर्षकगीत, मग ‘आयडेंटिटी’, मग पहिल्यापासून सलग. ‘ओह बाँडेज’ मूळ ब्रिटिश एलपीवर नव्हतं. नंतरच्या सीडी आवृत्त्यांत जोडलेलं सापडतं, त्यामुळे ते अल्बमचाच भाग समजू नका. फोनच्या स्पीकरवर ऐकाल तर बेस आणि ड्रम्स गायब होऊन फक्त किंचाळी उरेल आणि तुम्ही पुन्हा मला ‘बेसूर’ म्हणून लिहाल. साधे का होईना, हेडफोन लावा.